हॉटेलच्या किचनमध्ये पहिली नोकरी : कॉमीपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

"मला शेफ व्हायचंय" असं म्हणणारी मुलं-मुली आता लहान गावांतूनही भेटतात. अडचण त्यापुढे सुरू होते. कोर्स कुठला करायचा, हॉटेलात अर्ज कुणाकडे द्यायचा, ट्रायलला काय करायला लावतात, पगारातून काय काय कापलं जातं, हे सांगणारं जवळचं कुणी नसतं. घरात या धंद्यातलं कुणी नसलं की माहिती मिळते ती एजंटाकडून, नाहीतर कोर्स विकणाऱ्याकडून. मी स्वतः कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा नवखा स्वयंपाकी, म्हणून लागले, सेक्शन बदलत वर आले आणि आता नव्या मुलांच्या ट्रायल घेते. चांगला हात असलेली मुलं निव्वळ माहिती नसल्यामुळे चुकीच्या जागी अडकलेली बघते, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हा लेख हॉटेल आणि मोठ्या रेस्टॉरंटच्या किचनपुरता आहे. फूड फॅक्टरी, डेअरी, क्वालिटी कंट्रोल या नोकऱ्यांची वाट बहुधा फूड टेक्नॉलॉजीच्या पदवीतून जाते, त्यात मी शिरत नाही.

१. किचनची उतरंड आधी समजून घ्या

हॉटेलच्या किचनमध्ये सगळ्यांना "शेफ" म्हणून हाक मारतात, पण पदं ठरलेली असतात. खालून वर अशी: ट्रेनी किंवा अप्रेंटिस, मग कॉमी थ्री, कॉमी टू, कॉमी वन, डेमी शेफ द पार्टी म्हणजे डीसीडीपी, शेफ द पार्टी म्हणजे सीडीपी, सू शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. सीडीपी हा एका सेक्शनचा मालक. त्याच्या सेक्शनचा माल, चव, स्वच्छता, माणसं, सगळी जबाबदारी त्याची. भांडी, फरशी, कचरा आणि मशिनची धुलाई बघणारं किचन स्टुअर्डिंग हे वेगळं खातं असतं. त्या खात्यातल्या माणसांशी नीट वागा. भर सर्व्हिसमध्ये धुतलेली कढई तुमच्या हातात वेळेवर येणं त्यांच्यावर अवलंबून असतं.

सेक्शन साधारण असे: इंडियन करी, तंदूर, कॉन्टिनेंटल, चायनीज किंवा ओरिएंटल, गार्द मांजे म्हणजे थंड पदार्थांचं किचन, बुचरी (मांस कापायचा विभाग), बेकरी-पेस्ट्री, बँक्वेट (लग्न-समारंभांचं मोठं जेवण) आणि स्टाफचं जेवण बनवणारा कॅफेटेरिया. नव्या मुलाला बऱ्याचदा आधी कॅफेटेरियात किंवा भाजी कापायला टाकतात. त्यात कमीपणा मानू नका. रोज काही शे माणसांचं जेवण ठरलेल्या वेळेला काढायची सवय तिथे लागते, आणि ती सवय पुढे बँक्वेटला कामी येते.

२. कोर्स निवडताना

*आयटीआय.* दहावी झालेल्यांसाठी "फूड प्रॉडक्शन (जनरल)" हा एक वर्षाचा ट्रेड आहे. "बेकर अँड कन्फेक्शनर" हाही एक वर्षाचाच. प्रवेश आयटीआयच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. प्रत्येक आयटीआयमध्ये हे ट्रेड नसतात, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी यादी बघा. घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमवायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हीच वाट धरा.

*पदवी.* दादरची आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) १९५४ पासूनची, देशातली या शिक्षणाची सर्वांत जुनी संस्था. गोव्याची आयएचएम पर्वरीला आहे. या केंद्रीय संस्थांच्या तीन वर्षांच्या बीएस्सीसाठी बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे. महाराष्ट्रातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या बीएचएमसीटी या चार वर्षांच्या पदवीला राज्य सीईटी कक्षाची परीक्षा लागते. पदवीत किचनबरोबर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस हेही शिकवतात आणि एक सत्र इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं. पुढे मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून जायचं असेल तर पदवी लागतेच. पण नुसती पदवी हातात आहे म्हणून कुणी थेट सीडीपी करत नाही.

*खासगी कोर्स.* इथे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. फी भरण्याआधी चार गोष्टी तपासा. प्रॅक्टिकल आठवड्यात किती दिवस, आणि एका बर्नरवर किती विद्यार्थी? शिक्षक स्वयंपाक करून दाखवतात आणि मुलं बघतात, की प्रत्येकाच्या हातात कढई असते? प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नासाठी माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. दोन जुन्या विद्यार्थ्यांना स्वतः फोन करा.

*अप्रेंटिसशिप.* १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली हॉटेलं अप्रेंटिस घेतात, स्टायपेंड देतात. करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला आहे ना, हे बघूनच सही करा. नोंद नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले मजूर आहात.

कोर्स न करताही हेल्पर म्हणून शिरता येतं. मी ज्यांच्याकडून तंदूर शिकले त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. फक्त वर चढताना, आणि विशेषतः परदेशी जाताना, कागद अडवतो. अशा अनुभवी माणसांसाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या कामाचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. ती चालू असेल तेव्हा जरूर घ्या.

३. कागदपत्रं आणि सामान

एका फाइलमध्ये हे तयार ठेवा, आणि मोबाइलवर स्कॅनही:

- आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत किंवा रद्द केलेला चेक
- दहावी, बारावी, कोर्स यांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, त्यात कोणकोणत्या सेक्शनमध्ये काम केलं ते लिहून घेतलेलं
- आधी नोकरी केली असेल तर अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर)
- पासपोर्ट साइज फोटो
- पोलीस पडताळणीचा दाखला (बरीच मोठी हॉटेलं मागतात)
- वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र

शेवटच्या दोन ओळी वाचून घाबरू नका. पोलीस पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. वैद्यकीय तपासणीबाबत नियम असा, की अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी झाली पाहिजे: डोळे, त्वचा, संसर्गजन्य आजार, आणि टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांवरच्या लशी. मोठी हॉटेलं स्वतःच्या डॉक्टरकडून करून घेतात. लहान ठिकाणी तुमच्याकडे मागतील, तेव्हा एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) ठरलेल्या नमुन्यातच डॉक्टरांची सही घ्या.

एक जोड देता आली तर द्या: फॉस्टॅक. अन्नसुरक्षेचं हे छोटं प्रशिक्षण एफएसएसएआयच्या योजनेतलं आहे. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे लहान रेस्टॉरंटमध्ये हे प्रमाणपत्र असलेला कॉमी मालकाला हवासा वाटतो.

सामानात फार खर्च करू नका. कोट आणि ॲप्रन हॉटेल देतं, धुऊनही देतं. तुमचं स्वतःचं लागतं ते एवढंच: आठ इंची शेफ नाइफ, एक पेअरिंग नाइफ, सोलाणं, खिशात मावणारी वही, पेन आणि मार्कर. आणि बूट. हॉटेलने बूट दिले नाहीत तर स्वतःचे चांगले घ्या. बंद, न घसरणारे, पुढून कडक. सुऱ्यांच्या महागड्या सेटपेक्षा हे पैसे कैकपट कामी येतात.

बायोडाटा एका पानाचा. छंद, ध्येय, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. कोणत्या सेक्शनला किती महिने, रोजची साधारण किती कव्हर (म्हणजे जेवणारे पाहुणे), हातात कोणकोणते पदार्थ, एवढं वाचूनच शेफ ठरवतो.

४. अर्ज कुठे आणि केव्हा

हॉटेलचा मागचा दरवाजा शोधा. प्रत्येक मोठ्या हॉटेलला स्टाफचं वेगळं गेट असतं आणि तिथे टाइम ऑफिस (स्टाफच्या हजेरीची खोली) असतं. सिक्युरिटीला नीट विचारलं तर एचआर केव्हा भेटतात, ते सांगतात. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी, कारण लंच उरकलेला असतो आणि डिनरची घाई सुरू झालेली नसते. साडेबारा वाजता जाऊन शेफला भेटायचा हट्ट धरला, तर आल्या पावली परत येण्याची तयारी ठेवा. याशिवाय हॉटेलांच्या स्वतःच्या वेबसाइटवरची करिअरची पानं, लिंक्डइन आणि शेफ लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप. सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र आत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. कॉलेजच्या सीनियरना फोन करायला लाजू नका.

हंगाम ओळखा. आषाढ-श्रावणात बँक्वेट थंड असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि नाताळापर्यंत दम घ्यायला वेळ नसतो. म्हणून हॉटेलं गणपती ते दिवाळी या काळात माणसं भरतात. गोव्याचा पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, तिथे सप्टेंबरातच अर्ज पोचायला हवा. नवं हॉटेल उघडत असेल तर त्याची प्री-ओपनिंग भरती आधी काही महिने सुरू होते. किचन शून्यापासून उभं राहताना बघायला मिळतं, शिकायला याहून चांगली संधी नाही.

मुंबईत राहायचा खर्च मोठा. लोणावळा, महाबळेश्वर, गोव्यातली मोठी रिसॉर्टं बहुधा स्टाफला राहायला जागा देतात. हातात थोडा कमी पगार दिसला तरी शिल्लक तिथे जास्त पडू शकते. दोन्ही ऑफर समोर ठेवून, भाडं आणि लोकलचा पास धरून हिशेब करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिली नोकरी निवडताना बोर्डावरच्या नावापेक्षा किचन बघा. मुलाखतीत विचारायला संकोच करू नका: ग्रेव्ही आणि स्टॉक इथेच बनतात, की सेंट्रल किचनमधून किंवा पाकिटातून येतात? सेक्शन किती? कॉमीला किती महिन्यांनी फिरवता? बँक्वेट आहे का? रेडी पेस्ट गरम करून वर क्रीम सोडायचं काम तुम्ही दोन वर्षं केलंत, तर दोन वर्षांनी तुम्हाला तेवढंच येत असेल. मोठ्या नावाच्या अशा जागेपेक्षा, एक रेस्टॉरंट, बँक्वेट आणि स्वतःची बेकरी असलेलं मधलं हॉटेल मी कधीही बरं म्हणेन. तिथे कांद्याचं पोतं सोलण्यापासून हंडीभर मखनी ढवळण्यापर्यंत सगळं हाताखालून जातं.

५. ट्रायल

मुलाखत दहा मिनिटांची असते, नोकरी ठरते ती ट्रायलवर. ट्रायल घेताना मी काय बघते ते सांगते.

तुम्ही चॉपिंग बोर्ड टेबलावर ठेवता, त्याआधी खाली ओला कपडा अंथरता का? नाही अंथरला तर बोर्ड सरकतो, आणि सरकत्या बोर्डावर बोट कापतं. हे बघायला मला पाच सेकंद लागतात. मग हात धुतले का. मग सुरी कशी धरली, दुसऱ्या हाताची बोटं आत वळलेली आहेत का. कांदा देतात तो कापायची गती बघायला, असं सगळ्यांना वाटतं. गती नंतर येते. मी बघते सगळे काप सारखे आहेत का. बिर्याणीसाठी कांदा तळताना जाड-बारीक काप असतील, तर बारीक करपतात तेव्हा जाड पांढरेच असतात, आणि तो करपट कडूपणा सगळ्या हंडीत उतरतो. सावकाश कापा, पण सारखं कापा.

त्यानंतर साधारण याच गोष्टी करायला लावतात: साधं ऑम्लेट किंवा रंग न येता वळलेलं फ्रेंच ऑम्लेट, गुठळी न होता व्हाइट सॉस, मेयोनीज, एखादी डाळ किंवा कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, भात. या सात-आठ गोष्टी घरी पुन्हा पुन्हा करून हातात बसवा. शोभेच्या प्लेटिंगच्या व्हिडिओंत वेळ घालवू नका. कॉमीला प्लेटिंग कुणी विचारत नाही.

चव बघताना स्वच्छ चमचा घ्या, तो चमचा परत पातेल्यात घालू नका. मीठ घालण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा चव बघा. काम झाल्यावर टेबल पुसा, सुरी धुवा, कचरा उचला. पदार्थ बरा झाला आणि टेबल घाण राहिलं, तर मी नाही म्हणते. पदार्थात थोडं कमी पडलं पण टेबल लखलखीत असेल, तर बहुतेक वेळा हो म्हणते. मीठ शिकवता येतं.

तोंडी प्रश्न ठरलेले असतात. पाच मदर सॉस, म्हणजे ज्यांपासून बाकीचे सॉस बनतात ते (बेशामेल, वेलुते, एस्पान्योल, हॉलंडेज, टोमॅटो). धोक्याचं तापमान: ५ ते ६० अंश सेल्सिअस, या पट्ट्यात अन्न फार वेळ राहिलं की जंतू वाढतात. डीप फ्रीझर उणे १८. जुलियन, ब्रुन्वाज यांसारखे काप. आणि महाराष्ट्रात हमखास: केओटीवर (किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) "जैन" लिहिलं असेल तर काय करायचं? कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांसारखं जमिनीखालचं काही नाही, हे उत्तर अर्धं झालं. वेगळी कढई, वेगळा चमचा, आणि ग्रेव्हीच्या बेसमध्येही कांदा-लसूण नाही, हे पूर्ण उत्तर.

ट्रायल एका शिफ्टची असते. "आठवडाभर या, मग बघू" असं म्हणून फुकट राबवून घेणारी ठिकाणं आहेत, विशेषतः लग्नाच्या तारखांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी लेखी काही मिळत नसेल तर जाऊ नका.

६. ऑफर लेटर वाचायचं कसं

सही करण्याआधी सीटीसी (हॉटेलचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतला फरक एचआरकडून कागदावर लिहून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ तुमचा कापला जातो. मालकाचा वाटाही सीटीसीत धरलेला असतो, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतो. तुमची कपात ०.७५ टक्के, आणि त्या बदल्यात ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. किचनमध्ये भाजणं-कापणं चालूच असतं, हे कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या. व्यवसाय कर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो नाही.

सर्व्हिस चार्जचा वाटा धरून कुणी पगार मोठा सांगत असेल तर तो भाग बाजूला ठेवून बघा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. त्या उत्पन्नावर घरभाडं ठरवू नका.

कामाचे तास विचारा. आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम, हा कायदा आहे. प्रत्यक्षात किचनमध्ये बारा-बारा तास जातात आणि त्याबदल्यात कधी कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) देतात, कधी काहीच नाही. आत काम करणाऱ्या दोन कॉमींना गेटबाहेर चहाला भेटा आणि सरळ विचारा: सुट्टी मिळते का, पगार कितव्या तारखेला होतो, ब्रेक-शिफ्ट लावतात का. ब्रेक-शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा सात ते बारा. राहायची जागा लांब असेल तर मधले चार तास कुठे काढणार, याचा विचार आधी करा.

या चार गोष्टी दिसल्या तर थांबा:

- नोकरीसाठी डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, "प्रोसेसिंग" फी. खऱ्या हॉटेलची एचआर तुमच्याकडून पैसे घेत नाही. मोठ्या हॉटेलच्या नावाचं खोटं ऑफर लेटर फुकटच्या मेल आयडीवरून येतं. हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून खात्री करा.
- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं. दाखवा, प्रत द्या, मूळ कागद परत घ्या.
- दोन-तीन वर्षांचा बाँड आणि सोडल्यास मोठी भरपाई.
- पगार रोख, स्लिप नाही. स्लिप नसेल तर पुढच्या नोकरीत तुमचा अनुभव कुणी धरत नाही.

७. पहिले सहा महिने

वही खिशात हवीच. शेफ सांगतो तो रेसिपीचा आकडा ग्रॅममध्ये लिहा. "दोन पळी" लिहू नका, कारण पळी बदलते. रात्री घरी जाऊन नीट उतरवा.

मिसाँप्लास, म्हणजे सर्व्हिसआधीची सगळी तयारी, इथे कॉमीची खरी परीक्षा होते. शिफ्ट सुरू झाली की आधी फ्रिज उघडून काय आहे, काय संपत आलंय, काय आज वापरलंच पाहिजे ते बघा. जुना माल आधी, नवा मागे. प्रत्येक डब्यावर लेबल: पदार्थ, बनवल्याची तारीख आणि वेळ, केव्हापर्यंत वापरायचा, तुमची आद्याक्षरं. कच्चं मांस नेहमी खालच्या फळीवर, शिजलेलं वर. बोर्डांचे रंग ठरलेले असतात, कच्च्या मांसाचा लाल, कच्च्या माशांचा निळा, सॅलड आणि फळांचा हिरवा असे. हॉटेलागणिक थोडा फरक असतो म्हणून भिंतीवरचा तक्ता पाठ करा. कोंबडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका, थर्मामीटर आत खुपसून ७५ अंश बघा.

काही गोष्टी अंगाशी येण्याआधी माहीत हव्यात. गरम कढई ओल्या कपड्याने धरू नका. पाण्याची वाफ होते आणि हात भाजतो. कोरडा डस्टरच घ्या. मागून जाताना "बिहाइंड", हातात गरम काही असेल तर "हॉट" असं मोठ्याने म्हणा. सुरी सिंकमधल्या फेसात टाकून जाऊ नका. तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात मारू नका. गॅस बंद, वर झाकण किंवा फायर ब्लँकेट. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, तूप काही लावू नका, आणि सुपरवायझरकडे अपघाताची नोंद करा. "एवढ्याशाची काय नोंद" म्हणून सोडलं तर पुढे ईएसआयचा दावा लंगडा पडतो.

किचनची भाषा हिंदी. गढवाल, बंगाल, ओडिशा, ईशान्येकडची मुलं तुमच्याबरोबर असतील. आपली मुलं हिंदी-इंग्रजीच्या धास्तीने गप्प राहतात आणि गप्प राहिलेल्या मुलाला काही येत नाही असं समजतात. तुटकी बोला, पण बोला. ऑर्डर ऐकली की मोठ्याने "येस शेफ" म्हणा. नाही समजलं तर त्याच क्षणी पुन्हा विचारा, कारण अर्धवट ऐकून बनवलेली डिश परत आली की टेबलावरचा पाहुणा आणि पासवरचा (तयार डिश जिथून बाहेर जातात तिथला) शेफ दोघंही खोळंबतात.

पाय सांभाळा. दहा तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा, पाणी प्या, ड्यूटी मील चुकवू नका. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगून जा: काय तयार आहे, काय ऑर्डर केलंय, कुठला फ्रिज नीट चालत नाही.

सहा महिन्यांनी सीडीपीकडे सेक्शन बदलून मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही. तुमचं काम चांगलं असेल तर तुम्हाला तिथेच ठेवण्यात त्याचा फायदा असतो, म्हणून सुट्टीच्या किंवा शिफ्टनंतरच्या तासात दुसऱ्या सेक्शनला हात लावायची परवानगी घ्या. तंदूर आणि बेकरी ही दोन कौशल्यं सहजी मिळत नाहीत, संधी आली तर सोडू नका.

८. मुलींसाठी वेगळं

"मुलगी आहे, पेस्ट्रीला टाका" हे वाक्य तुम्ही ऐकाल. पेस्ट्री आवडत असेल तर जरूर जा, ते स्वतंत्र आणि मोठं शास्त्र आहे. आवड हॉट रेंजची, म्हणजे शेगडीवरच्या गरम स्वयंपाकाची, असेल तर मुलाखतीतच स्पष्ट सांगा आणि ऑफर लेटरमध्ये सेक्शन लिहून घ्या. चाळीस लिटरचं पातेलं एकटीने उचलायचं नसतं, पुरुषांनीही नसतं, दोघांनी धरायचं.

महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित वाहतुकीची सोय लागते. ड्रॉप घरापर्यंत आहे की स्टेशनपर्यंत, हे आधी विचारा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असली पाहिजे. तिच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर आहेत का ते पहिल्या आठवड्यात बघून ठेवा. त्रास झाला तर तारीख, वेळ, साक्षीदार वहीत लिहा आणि तक्रार लेखी द्या. "किचनमध्ये असंच बोलतात" हे मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

९. गल्फ आणि क्रूझचा विचार

दोन वर्षं चांगल्या हॉटेलात झाल्याशिवाय घाई करू नका. गल्फसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः शोधून बघा. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. करार भारतातच हातात हवा, आणि व्हिसा नोकरीचाच हवा. "आधी व्हिजिटवर या, तिथे बदलून देतो" असं म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. दहावी पास असाल तर पासपोर्ट काढताना गुणपत्रिका जोडा, म्हणजे ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शिक्का लागत नाही.

क्रूझला सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले) मूलभूत सुरक्षा कोर्स आणि मान्यताप्राप्त डॉक्टरची तपासणी लागते. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजासाठी सी-वन/डी व्हिसाही. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला या कंपन्यांना मनाई आहे. कोणी लाखभर मागत असेल तर तिथेच उठा.

१०. पहिली नोकरी सोडताना

वर्ष पुरं होण्याआधी सोडू नका. त्याहून कमी अनुभव बायोडाटावर उलट प्रश्न उभे करतो. भर लग्नसराईत तर अजिबात नाही. शेफचं जग लहान आहे आणि पुढचा शेफ आधीच्याला फोन करतोच. राजीनामा ईमेलने द्या, नोटीस पूर्ण करा. रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) आणि अनुभवपत्र वेगवेगळी मागा, अनुभवपत्रात पद आणि सेक्शन दोन्ही असू द्या.

पीएफ काढून घेऊ नका. थोड्या पैशांच्या मोहाने मुलं तो दर नोकरीला काढतात. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा धरली जाते आणि पैसे काढले की ती मोजणी तुटते. तोच यूएएन नव्या हॉटेलला द्या आणि जुनं खातं ऑनलाइन ट्रान्सफर करा. तुमच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख जुन्या हॉटेलकडून पोर्टलवर बरोबर भरून घ्या. हे काम तिथे रोज येणं-जाणं आहे तोवर दोन दिवसांत होतं, नंतर त्यासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागतात.